झाकण लगेच, कॉम्प्रेसर जेवणानंतर

आमच्याकडं कोणी मरत नाही. सिरीयस होतं.

मरतात सगळेच, पण कळवताना तसं कळवत नाहीत. नव्वदच्या दशकात बोरीत आमच्या आळीला फोन एकच, किराणा दुकानातला. तिथून भोसरीला, चाकणला, ज्याचं माणूस जिथं कामाला असेल तिथं फोन जायचा, "तात्यांची तब्येत सिरीयस आहे, निघून ये." ऐकणारा समजून जायचा. रजेच्या अर्जात तो सरळ "वडील वारले" असं लिहायचा आणि येताना मंचरला उतरून हार घेऊन यायचा. त्याला कोणी खोटं पाडलं नाही.

एकदा मात्र घोळ झाला. माझ्या मावशीचे यजमान खरोखरच सिरीयस झाले. आता हे कळवायचं कसं? दुकानदारानं बराच विचार करून फोनवर सांगितलं, "सिरीयस आहेत, पण खरंच सिरीयस आहेत." त्यानं तर पलीकडच्यांची उरलीसुरली शंकाही गेली. जीपभर माणसं आली, बायकांनी अंगणातूनच सूर लावला, आणि काका आत खाटेवर उठून बसून बशीत चहा ओतत होते. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले आणि त्या जीपमधल्या एकाशीही धड बोलले नाहीत.

दुसरा नियम जेवणाचा. बातमी कितीही वाईट असो, समोरच्याच्या पोटात दोन घास गेल्याशिवाय सांगायची नाही. "आधी हातपाय धू, भाकर खा," असं कोणी जास्तच मायेनं म्हणालं की आमच्या भागातला शहाणा माणूस दारातच थांबतो. माझी पहिली सोयरीक मोडली ते आईनं मला पुरणपोळी वाढून सांगितलं. सण नाही, वार नाही, आणि पानात पुरणपोळी. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "आधी खा." मी दोन खाल्ल्या. रडताना ढेकर येत होते, ते वेगळंच.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते कॉम्प्युटरमुळं झालं असं पुण्याचे लोक अजून म्हणतात. कॉम्प्युटर बिचारा निर्दोष होता. त्याला आम्ही आमची रीत शिकवली.

जुन्नरला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी आळेफाट्याच्या अलीकडं एका डेअरीच्या चिलिंग सेंटरवर नोकरीला लागले, दोन हजार सालानंतरची गोष्ट. आसपासच्या आठ गावांचं दूध तिथं यायचं, मोठ्या टाकीत थंड व्हायचं आणि टँकरनं पुण्याला जायचं. माणसं मोजकीच. व्यवस्थापक होते, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. आवाज बारीक, मन लोण्याचं, आणि पुण्याच्या ऑफिसची धास्ती इतकी की तिकडून फोन आला की उभं राहून बोलायचे. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती, आणि ती दोन वर्षं ते उपवासासारखी मोजत होते.

आणि मामा. सगळ्यांचेच मामा. टाकी आणि कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. धाकटा भाऊ अजून दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचा. मामा अकरा वर्षं या टाकीपाशी उभे होते, रोजंदारीवर. टाकीच्या पत्र्याला तळहात लावायचे आणि दूध किती थंड झालंय ते सांगायचे. मी काट्यावर बघायची, तर अर्ध्या अंशाचाही फरक नसायचा. अकरा वर्षं त्यांना "पुढच्या खेपेला कायम करू" हे एकच वाक्य ऐकायला मिळालं होतं. त्यांचा त्यावर राग नव्हता. मला मात्र त्यांच्या वाटणीचाही यायचा.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा एक दिवस पुण्याहून नवा कॉम्प्युटर आला. तो टाकीला जोडला गेला. टाकीचं झाकण उघडलं, मिटलं, कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद पडला, दूध गरम झालं, थंड झालं, जे होईल त्याची नोंद तो आपोआप करायचा आणि फोनच्या लाइनवरून पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवायचा. मामांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, चुगल्या. "सासू परवडली," म्हणाले, "ती निदान दुपारची झोपती."

सोबत एक कागदही आला. तीन महिने या नोंदी बघून मामांना कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. त्याच कागदावर खाली माझंही नाव होतं, पण माझं काय, माझी नोकरी दीड वर्षाची. मामांची अकरा वर्षं त्या यंत्राच्या तोंडाला बांधली गेली होती.

यंत्र बसवून गेलेला पुण्याचा इंजिनियर मला फोनवर समजावून सांगायचा. पोरगा चांगला होता, फक्त बोलताना श्वास घ्यायचा नाही. "मॅडम, सेटिंगचं पान उघडा. सगळं तुमच्या हातात आहे. कोणती नोंद पाठवायची, किती गंभीर म्हणून पाठवायची, कोणत्या कॉम्प्युटरला पाठवायची, लगेच पाठवायची की थांबून, सगळं तुम्हाला पाहिजे तसं बदलता येतं."

या वाक्यानं आमचं वाटोळं केलं. ज्या माणसांना जन्मात कोणी काही बदलू दिलं नाही त्यांच्या हातात असं पान देऊ नये.

गंभीरपणाच्या आठ पायऱ्या होत्या, सगळ्या इंग्रजीत. साहेबांना समजाव्यात म्हणून मी त्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून भिंतीला लावल्या. सगळ्यात खाली "नुसती बडबड", मग "सहज कळवलं", पुढं "जरा बरं नाही", त्याच्या वर "सिरीयस", आणि सगळ्यात वर "संपलं". मधल्या तीन मी कशाबशा भरल्या होत्या, त्या आता आठवत नाहीत. साहेबांनी पुठ्ठा वाचला आणि म्हणाले, "सगळ्यात वरची पायरी वापरायची नाही. अशुभ आहे." मी ती सेटिंगमधून काढून टाकली. त्या दिवसापासून आमच्या सेंटरवर काहीही झालं तरी जास्तीत जास्त सिरीयसच व्हायचं.

पहिला घोटाळा पत्त्याचा. नोंदी कुठं पाठवायच्या त्यासाठी पानावर दोन चौकटी होत्या. पहिलीत पुण्याचा पत्ता, दुसरी रिकामी. साहेबांना ती रिकामी चौकट डोळ्यात खुपायला लागली. "पंगतीत एक पान मांडून रिकामं ठेवतात का?" म्हणाले. कोणाचा पत्ता टाकायचा? मग त्यांनीच तोड काढली, आपलाच टाका, घरच्याचा मान पहिला. मी टाकला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी टाकीचं झाकण एकदा उघडलं. चुगल्यानं ती नोंद पुण्याला पाठवली आणि स्वतःलाही पाठवली. स्वतःकडून आलेली नोंद त्याला नवी वाटली, म्हणून त्यानं ती पुन्हा पुण्याला आणि पुन्हा स्वतःला पाठवली. तासाभरात झाकण चार हजार वेळा उघडल्याचं पुण्याला कळलं. तिथले मोठे साहेब फोनवर आले. "तो माणूस झाकणाशी करतोय काय?" आमचे साहेब उभे राहून म्हणाले, "एकदाच उघडलं हो." "मग बाकीच्या तीन हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा कोणी उघडलं?" इंजिनियरनं माझ्याकडून ती चौकट रिकामी करून घेतली, पण मामांच्या नावापुढं पुण्यात एक रेघ ओढली गेली. झाकणाशी चाळे करणारा माणूस.

दुसरा घोटाळा मात्र आमच्या चांगुलपणाचा. एके दिवशी भर दुपारी वीज गेली आणि दूध दोन अंशांनी तापलं. चुगल्या बॅटरीवर चालूच होता, त्यानं त्याच मिनिटाला पुण्याला "सिरीयस" कळवलं. मोठे साहेब नेमके डबा खायला बसलेले. त्यांना बीपीचा त्रास. ताट बाजूला सारलं, गोळी घेतली आणि आमच्या साहेबांना फोनवर असं झाडलं की बाहेर कॅन धुणाऱ्या बायकांनी नळ बंद केले, नीट ऐकू यावं म्हणून.

साहेबांनी फोन ठेवला. झाडलं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, ती सवयच होती. "जेवत्या माणसाला आपण ताटावरनं उठवलं, ताई," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "यंत्राला कळत नाही. आपल्याला कळतं ना?"

आणि मी, शहाणी, त्यांना म्हटलं, "सेटिंगमध्ये आहे तसं."

होतंच. प्रत्येक पायरीपुढं एक चौकट होती, ही नोंद किती वाजेपर्यंत थांबवून ठेवायची. ती का होती ते आता सांगते. फोनची लाइन सारखी अडकून राहू नये म्हणून किरकोळ नोंदी साठवाव्यात आणि एकदम पाठवाव्यात, गंभीर मात्र त्याच क्षणी सोडाव्यात. करणाऱ्यानं विचार करूनच केलं होतं. आम्ही ते उलटं केलं. किरकोळ असेल ते लगेच जाऊ दे, झाकण उघडलं, झाकण मिटलं, त्यानं कोणाचं जेवण विटत नाही. सिरीयस असेल ते दुपारी दीडपर्यंत धरून ठेवायचं, मोठ्या साहेबांचा डबा खाऊन होईपर्यंत. मी आकडे भरले, साहेबांनी वाचले, आणि आम्ही दोघांनी हुश्श केलं. मामा दारात उभे होते. म्हणाले, "आता जरा माणसात आला चुगल्या."

दोन महिने फार सुखात गेले. मोठ्या साहेबांचे फोन कमी झाले. आले तरी जेवून आलेल्या माणसाचे असायचे.

मग तो मंगळवार आला. सकाळचं सगळं दूध टाकीत होतं, आठ गावांचं. सव्वादहाला कॉम्प्रेसरनं एक आचका दिला आणि थांबला. मी स्क्रीनवर बघेपर्यंत मामांनी टाकीला हात लावलेला. "ताई, ह्याचा जीव ग्येला," म्हणाले. साहेब म्हणाले, "हळू बोला."

मामांनी वेळ घालवला नाही. डेअरीचा एक टँकर आळेफाट्याला गॅरेजपुढं रंगाला लावलेला होता. साहेबांची स्कूटर घेऊन ते गेले आणि अर्ध्या तासात टँकर घेऊन आले. पेंटरनं मागच्या बाजूवर "शुद्ध दू" एवढंच लिहिलं होतं आणि तो ब्रश घेऊन आतच बसून आला होता, काम अर्धवट राहायला नको म्हणून. मामांनी टाकीचं झाकण उघडलं, पाइप आत सोडला आणि सगळं दूध टँकरमध्ये ओढलं. दहा पन्नासला झाकण उघडलं, अकरा चाळीसला मिटलं. टँकर मंचरच्या बाजूच्या दुसऱ्या सेंटरला गेला आणि दूध वाचलं. एक लिटर नासलं नाही. पेंटर टँकरबरोबर मंचरला गेला, संध्याकाळी एसटीनं परत आला.

पुण्याला लगेच फोन का केला नाही, असं मला नंतर शंभर जणांनी विचारलं. साहेब म्हणाले होते, "साडेअकरा वाजून गेलेत, आता त्यांचा डबा उघडायची वेळ. दूध तर वाचलं. दीडनंतर सांगू सावकाश." आम्हाला दोघांनाही ते रास्त वाटलं होतं. दीडनंतर फोन लावला तर मोठे साहेब "यंत्रात सगळं दिसतंय" म्हणाले आणि ठेवून दिला.

आता पुण्याला काय दिसलं ते बघा. दहा पन्नासला झाकण उघडलं, ही किरकोळ नोंद लगेच गेली. अकरा चाळीसला झाकण मिटलं, तीही लगेच गेली. कॉम्प्रेसर बंद पडला आणि दूध तापलं, या दोन सिरीयस नोंदी पंगत उठायची वाट बघत आमच्याकडं थांबल्या आणि दीडला गेल्या. पुण्याचा कॉम्प्युटर नोंदीवर वेळ टाकायचा ती पोचल्याची. घडल्याची नाही, कारण गंभीर गोष्ट तीन तास दडवून ठेवणारी माणसं जगात असतील असं इंजिनियरला वाटलंच नव्हतं. म्हणजे पुण्याच्या हिशेबी, झाकणाशी चाळे करणाऱ्या माणसानं पन्नास मिनिटं झाकण उघडं टाकलं, बाहेरची गरम हवा आत गेली, आणि थंड करता करता कॉम्प्रेसर जळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मामांनी दूध वाचवलं, ही गोष्ट कुठंच नव्हती. दूध वाचवलं अशी नोंदच त्या यंत्रात नव्हती.

शनिवारी इंजिनियरचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, बुधवारी मोठे साहेब येणार आहेत. मामांना काढायचं पत्र टाइप झालंय."

मी साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. मी म्हटलं, आपण सेटिंग बदललं होतं ते आत्ताच्या आत्ता कळवू. त्यांनी हात जोडले. मला, माझ्या वयाच्या दुप्पट माणसानं. "माझी दोन वर्षं राहिलीत. आणि तुझं नाव त्याच कागदावर आहे." मी गप्प बसले. त्यांच्यासाठी बसले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले, पण खरं ते असं की मला माझी नोकरी पाहिजे होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तरी मी गप्प बसले.

मामांना तर सांगायलाच हवं होतं. पण कधी? सकाळी आले की त्यांचा चहा व्हायचा असायचा. नंतर दूध यायचं. एकला डबा. डब्याआधी सांगायचं नाही. डब्यानंतर लिंबाखाली आडवे व्हायचे, आणि झोपलेल्या माणसाला उठवून कोण सांगणार. उठले की संध्याकाळचं दूध. चार दिवस आम्ही सांगायला मोकळी वेळ शोधत होतो आणि चार दिवस त्यांना नको इतकं खाऊ घालत होतो. साहेबांनी घरून लाडू आणले. मी कोथिंबिरीच्या वड्या केल्या. कॅन धुणाऱ्या बायकांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी शेंगदाण्याचे लाडू पुढं केले. मंगळवारी मामांनी डबा उघडला, भोवती सगळ्यांच्या वाट्या बघितल्या, आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले. डबा तसाच बंद केला.

त्या दुपारी मला काही सुचेना. चुगल्यासमोर नुसती बसले होते. मग आठवलं, पुण्याला काय गेलं ते गेलं, पण इथं त्याची स्वतःची वही असेल की. शोधली तर निघाली. दहा पंधरा, कॉम्प्रेसर बंद. दहा वीस, दूध तापायला लागलं. दहा पन्नास, झाकण उघडलं. सगळं खरं, सगळं क्रमानं. आणि खाली तेवढंच स्पष्ट, सेटिंग कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदललं. माझ्या नावानं. एक कागद काढला तर दोन्ही एकदमच निघणार होतं. मी छापायला लावलं. प्रिंटर करकरत राहिला आणि मी भिंतीवरचा पुठ्ठा वाचत बसले.

बुधवारी बाराला मोठे साहेब आले. मूळचे घोडेगावच्या बाजूचे, म्हणजे आमच्याच रीतीतले. वरच्या खिशात पांढरं पाकीट, निम्मं बाहेर दिसतंय. आमच्या साहेबांनी जेवण सांगितलं होतं, मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. मोठ्या साहेबांनी बसता बसता पाकिटाला हात लावला, ताटांकडं बघितलं आणि हात मागं घेतला. "आधी जेवण होऊ दे," म्हणाले. मग मामांकडं वळून फार मायेनं, "या मामा, माझ्या शेजारी बसा. पोटभर जेवा."

मामा बसले. ताट वाढलं गेलं. मामांनी हात मांडीवर ठेवले. "मला भूक न्हाई."

मोठे साहेब हातातला घास घेऊन थांबले. "थोडं तरी खा."

"न्हाई साहेब. तुमी जेवा."

"असं कसं, मामा. तुम्ही खाल्ल्याशिवाय मला..." आणि ते मधेच थांबले.

आता माझ्या डोळ्यांपुढं जे चाललं होतं ते मी जन्मात विसरणार नाही. एका माणसाच्या खिशात दुसऱ्याचं अकरा वर्षांचं मरण होतं, आणि ते बाहेर काढायला त्याला दुसऱ्यानं जेवायला हवं होतं. दुसऱ्याला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून तो जेवत नव्हता. जोवर मामांच्या तोंडात घास जात नाही तोवर मामा नोकरीवर होते. आमचे साहेब रश्शाचं पातेलं हातात धरून उभे. रस्सा निवत चालला. मोठे साहेब अजिजीनं म्हणाले, "निदान अर्धी भाकर." मामा म्हणाले, "आज उपास हाय."

"कसला?"

"हाय एक."

मला एकदम संताप आला. मामांचा नाही, आमच्या सगळ्यांचा. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना जपून जपून सांगत आलो आणि त्या जपण्याखाली एक माणूस चिरडला जात होता. मी उठले, आतून कागद आणला आणि मोठ्या साहेबांच्या ताटात, मासवडीवरच ठेवला.

"आधी ऐका, मग जेवा," म्हटलं. "वाईट बातमी आहे आणि ती माझी आहे."

मी सगळं वाचून दाखवलं. कॉम्प्रेसर कधी गेला, टँकर कधी आला, झाकण कशासाठी उघडलं. मग खालच्या ओळी वाचल्या, माझं नाव आणि वेळ. का केलं तेही सांगितलं. "तुमचं जेवण विटू नये म्हणून." आमच्या साहेबांनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी सांगितलं तिला." आवाज बारीकच होता, पण म्हणाले, हे मी त्यांच्या खात्यात कायमचं जमा धरलंय.

मोठ्या साहेबांनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. रस्सा त्यात झिरपत होता. शेवटी त्यांनी खिशातलं पाकीट चाचपलं आणि आत खोल सारलं, अगदी दिसेनासं. मामांना म्हणाले, "आता जेवायला हरकत नाही. जेवणानंतर काही नाही."

मामांनी त्यांच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग जेवले. भाकरी चार, मासवड्या मी मोजल्या नाहीत, पण मोठ्या साहेबांच्या वाट्याच्याही गेल्या. जाताना मोठे साहेब मला म्हणाले, "तुमचं काय ते पुण्याला गेल्यावर बघू." मी म्हटलं, बरं.

तीन आठवडे गेले. सेटिंग मी पहिल्यासारखं केलं होतं, वाईट आधी, किरकोळ मागून. एके दिवशी साहेब लेण्याद्रीला गेलेले, नातवाचा नवस फेडायला. साडेअकराला फोन वाजला. मी आत प्रिंटरचा कागद बदलत होते, म्हणून मामांनी उचलला. "हां," म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा "हां." फोन ठेवला.

आत आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मला ते कायम "ताई, तुमी" म्हणायचे. "डबा आणलास का?" म्हणाले. "जेवून घे."

साडेअकरा वाजले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं.

"किती सिरीयस, मामा?"

"सिरीयस न्हाई गं. जरा बरं न्हाई, इतकंच."

आमच्या रीतीनं मी वरच्या पायऱ्या मोजून घेतल्या. माझ्या बातमीबरोबर त्याच फोनवर पुण्यानं मामांना कायम केल्याचंही सांगितलं होतं, ते मला संध्याकाळी साहेबांकडून कळलं. मामांनी ते तोंडातून काढलंच नाही. ते समोर स्टूल ओढून बसले, मला पाण्याचा तांब्या भरून दिला आणि माझ्या डब्याकडं बघत राहिले. भेंडीची भाजी होती आणि दोन चपात्या. मी त्या जितक्या सावकाश खाता येतील तितक्या सावकाश खाल्ल्या.